हनीफचाचांचा मिडफिल्डर

जुम्म्याची नमाज आटोपून हनीफचाचा शारजातल्या आपल्या फ्लॅटवर आले, कुर्त्याच्या बाह्या वर सारून जेवायला बसले, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत मोबाइल वाजला. 'सावखाडी युनायटेड'ची अंतिम यादी आली होती. महिनाभर सरावाला येणाऱ्या पोरांतून गाळून गाळून शेवटी अठरा नावं ठेवली होती. चाचांनी ती स्क्रीनवर बोट ठेवून वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि ताट पुढे ढकललं.

"यहया नाही," ते म्हणाले.

"कोण नाही?" रुकय्याचाचींनी विचारलं. वास्तविक त्यांना पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.

"यहया! यहयाचं नाव नाही! ज्याने तीनदा कप आणून दिला, त्याला काढलाय या गाढवांनी! कोण बसलंय कमिटीवर? फुटबॉल गोल असतो एवढं तरी माहीत आहे का यांना?"

समोर त्यांची मुलगी एमान भातावर सालन घेत होती. तिने वाटी खाली ठेवली, पाण्याचा ग्लास उचलला आणि आत निघून गेली. चाचांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते टीम मॅनेजर झुबेरचा नंबर शोधत होते.

आता हा यहया म्हणजे एमानचा नवरा. होता. आठ महिन्यांपूर्वी एमानने खुला घेतला होता, म्हणजे बायकोने स्वतःहून मागून घेतलेली सोडचिठ्ठी, आणि एक सुटकेस घेऊन ती आईबापांच्या दोन खोल्यांत परत आली होती. का घेतला, हे चाचांनी तिला कधी समोर बसवून विचारलं नाही. बायकोच्या तोंडून कानावर आलं होतं की दोघांचं पटत नव्हतं. तेवढ्यावर त्यांनी विषय संपवला. मुलगी घरात वावरत होती, कामाला जात होती, येत होती, बापाशी मात्र कामापुरतं बोलत होती. चाचांना वाटे, धक्का बसलाय, होईल हळूहळू ठीक, इन्शाल्ला. आणि मुलीचा संसार मोडला त्या दिवशी ज्या माणसाने तोंडातून चकार शब्द काढला नाही, तो यादीत एक नाव नाही म्हणून भरल्या ताटावरून उठला.

पण हनीफचाचा हे प्रकरणच असं होतं. मंडणगड तालुक्यात खाडीच्या तोंडाशी सावखाडी नावाचं गाव आहे. गावात माणसं कमी आणि कुलपं जास्त, कारण घरटी एकदोन पुरुष आखातात. ऐन पंचविशीत चाचाही आले आणि पुढे हमरिया फ्री झोनमधल्या पाइपच्या कारखान्यात स्टोअरला चिकटले. तिथे त्यांना सगळे 'स्टोअर' म्हणत. "स्टोअर, व्हॉल्व्ह निकालो," "स्टोअर, गेटपास दो." असं आठवडाभर ऐकलेल्या माणसाला शुक्रवारी मैदानावर कोणी 'सावखाडीचे हनीफचाचा' म्हटलं की छाती फुगते. त्यात चूक काही नाही. मीही फुगवली असती.

चाचा स्वतः कधी धड खेळले नाहीत. गावात असताना ते कायम राखीव. पण बाहेर बसून बघणाऱ्याला खेळणाऱ्यापेक्षा जास्त कळतं, अशी जी एक समजूत आपल्याकडे आहे, तिचे ते मूर्तिमंत उदाहरण. घडीची खुर्ची, चहाचा फ्लास्क आणि तोंड, एवढ्या सामानानिशी ते दर मॅचला हजर असत. रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आपल्या गोलकीपरलाही सोडत नसत. एकदा तर त्यांनी पलीकडच्या गावाच्या कोचला त्याच्या चुका समजावून सांगितल्या होत्या, आणि वर तो ऐकत नाही म्हणून रागावले होते. राग त्यांच्या नाकावर नव्हे, पार नाकाच्या शेंड्यावर बसलेला असे. तो घरी मात्र फारसा निघत नसे. घरी ते गप्प असत.

थंडी पडू लागली की इथे शारजात खाडीकाठच्या गावांची स्पर्धा असते. बाणे, वेसवी, दाभट, सावखाडी, सगळ्या गावांची आखातातली पोरं आपापल्या गावाच्या नावाने खेळतात. तिचा एक कडक नियम आहे. खेळणारा त्या गावचा मुलगा तरी हवा, नाहीतर गावचा जावई. बाहेरचा भाडोत्री चालत नाही. नियम आला की पळवाट आलीच. एका गावाने केरळचा एक दणकट स्ट्रायकर मिळवण्यासाठी स्पर्धेच्या तोंडावर त्याची गावातल्या मुलीशी मंगनी उरकली, आणि कप हातचा गेल्यावर महिन्याभरात ती मोडली. तेव्हापासून मंगनी चालत नाही, निकाह लागतो. लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. त्या मुलीला काय वाटलं असेल, हे सांगताना मी कोणाला ऐकलेलं नाही.

यहया आला तोही याच वाटेने. नऊ वर्षांपूर्वी चाचा कंपनीच्या कामाला खोर फक्कानला गेले होते. तिथे बंदरावरच्या कंपन्यांची मॅच चालली होती. चाचा पाच मिनिटं थांबू म्हणून थांबले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. मधल्या फळीत एक उंच, सडपातळ पोरगा खेळत होता. बॉल त्याच्या पायात आला की सगळे धावणारे जरा सबुरीने घेत. न बघता पास देई आणि तो बरोबर जाई. सावखाडीला मागे कीपर होता, पुढे दोन स्ट्रायकर होते, मधे मात्र सगळा आनंद होता. चाचांनी शेजारच्याला पहिला प्रश्न विचारला, "हा कुठला?" रत्नागिरीकडचा, म्हणाला, एका वाडीतला. तिची टीमबिम नाही. चाचांनी दुसरा प्रश्न विचारला, "लग्न झालंय?"

नव्हतं झालेलं. आणि चाचांच्या घरात तेवीस वर्षांची मुलगी होती. तिला नुकतीच दुबई मरीनाच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती.

चौकशी केली. घराणं बरं, पोरगा निर्व्यसनी, नमाजी, पगार चांगला. या सगळ्या गोष्टी खऱ्याच होत्या. एमानलाही विचारलं. फक्त तारीख ठरल्यावर विचारलं. ती म्हणाली, "अब्बा, आय डोन्ट इव्हन नो हिम." चाचा म्हणाले, "अगं, मी बघितलाय ना." आणि काय बघितलं होतं? नव्वद मिनिटांचा खेळ! निकाहाच्या दावतीत कमिटीचे अध्यक्ष कमरुद्दीन, चाचांचे लंगोटीयार, नवऱ्याला मुबारकबाद देताना कानात म्हणाले, "प्रॅक्टिस मंगळवारी आहे." सगळे खो खो हसले. नवरीही हसली. हसण्यावाचून तिला काय करता येणार होतं?

तर तो यहया यादीतून गेला, आणि हनीफचाचांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झुबेर हा टीमचा मॅनेजर, तिशीतला सरळ मुलगा. त्याने फोन उचलला आणि शांतपणे सांगितलं, "चाचा, नियम आहे. तो आता गावचा जावई नाही."

"नाही म्हणजे? तुला कोणी सांगितलं?"

झुबेर म्हणाला, "चाचा, खुला तुमच्याच घरात झाला ना?"

यावर कोणीही शहाणा माणूस फोन ठेवता. चाचांनी ठेवला खरा, पण लगेच गावच्या ग्रुपवर चार मिनिटांची व्हॉइस नोट टाकली. ती मी ऐकली आहे. ग्रुपमधल्या सगळ्यांनी ऐकली, आणि ग्रुपमध्ये नसलेल्यांना पुढे पाठवली. "मियाँ-बीवीचं काय बिनसलं ते त्यांच्या घरात बिनसलं. त्याचा फुटबॉलशी संबंध काय? नवरा-बायकोची भांडणं होतात म्हणून गावाने सोन्यासारखा माणूस रस्त्यावर टाकायचा? मुलीचा बाप मी आहे. मला त्रास नाही, तर तुमच्या पोटात का दुखतं? यहयाला परत घ्या, नाहीतर हनीफ खलास! या टीमच्या मॅचला पाऊल ठेवणार नाही!"

खाली अंगठ्यांचा पाऊस पडला. आग लागली की लाकडं टाकणारे कुठेही भेटतात. कोणी म्हणालं, चाचा बरोबर बोलले. कोणी म्हणालं, असा बाप पाहिला नाही. ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

पुढचा आठवडा चाचांनी आकाशपाताळ एक केलं. कारखान्यातून सुटले की घरी न जाता थेट सरावाच्या टर्फवर. तिथे जाळीला नाक लावून उभे राहायचे आणि यहयाच्या जागी घेतलेल्या पोराने बॉल चुकवला की मोठ्याने म्हणायचे, "वाह! हाच का तो?" पोरगा बिचारा बावीस वर्षांचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या पायात गोळे आले. चाचा म्हणाले, बघा, तब्येतही नाही. शेवटी झुबेर जाळीपाशी आला. "चाचा, त्याच्यावर का ओरडता? त्याने काय केलंय?"

"त्याने काही केलं नाही, तेच तर म्हणतोय मी!"

मधल्या काळात यहयाचे फोन येत होते. सासऱ्याला तो अजून मामूच म्हणे. "मामू, काही झालं का?" "मामू, कमरूचाचांना भेटलात का?" चाचांना ते बरं वाटे. जावई गेला तरी नातं ठेवून आहे, किती अदब आहे पोराला, असं ते बायकोला ऐकवत. चाची पोळी लाटता लाटता एकदा लाटणं थांबवून म्हणाल्या, "एमानचे अब्बा, जरा हळू बोला. ती आत आहे."

"मग? मी काय तिच्याबद्दल बोलतोय?"

चाची पुन्हा पोळी लाटू लागल्या.

गुरुवारी संध्याकाळी कमरुद्दीनने हात टेकले. चाचांना टर्फबाहेरच्या टपरीवर चहाला बसवून तो म्हणाला, "ऐक, हबीबी. मी बाकीच्या गावांशी बोललो. ते एका अटीवर तयार आहेत. मुलीच्या बापाने सगळ्यांसमोर सांगायचं, माझी हरकत नाही, मी याला अजून गावचाच समजतो. एवढं बोललास की आम्ही त्याला घेतो. उद्या दुपारी असरची नमाज झाली की सगळे जमतायत. यहयालाही बोलावतो."

"सांगतो! दहा वेळा सांगतो!" चाचा म्हणाले, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसले.

घरी आले ते जिंकल्यासारखे. एमान ऑफिसातून नुकतीच आली होती, पर्स अजून खांद्यावरच होती. चाचांनी चपला काढता काढता दारातूनच चाचींना बातमी दिली. कमरूला कसा नमवला, बाकीची गावं कशी तयार झाली, उद्या आपण फक्त एक वाक्य बोलायचं आणि यहया परत टीममध्ये. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की एमान त्यांच्याकडे बघते आहे. आठ महिन्यांत तिने त्यांच्याकडे इतकं सरळ बघितलं नव्हतं.

"कुठलं वाक्य?" तिने विचारलं.

एमान शारजात जन्मलेली. मराठी बोले ती आईशी. बापाने मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत देई, आणि अर्धं कळलं नाही की चाचा 'ओके ओके' म्हणून सोडून देत. आज ती मराठीत बोलत होती.

"हेच की, माझी हरकत नाही," चाचा म्हणाले. "फॉर्मॅलिटी आहे, बेटा. तुझा त्यात काही संबंध नाही."

"माझा संबंध नाही." एमानने पर्स खुर्चीवर ठेवली. "तुमची व्हॉइस नोट मला माझ्या ऑफिसातल्या वेसवीच्या मुलीने ऐकवली, अब्बा. 'मला त्रास नाही.' हे तुमच्याच तोंडचं ना? त्याचं नाव यादीतून गेलं, तर तुम्ही जेवण टाकलंत. आठ दिवस लोकांच्या दारात उभे राहिलात. मी या दारात सुटकेस घेऊन उभी राहिले तेव्हा तुम्ही काय केलंत, आठवतं? लाइट बंद करून झोपलात."

"एमान, तो वेगळा…"

"मला बोलू द्या. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही माझ्यासाठी नवरा बघितलाच नव्हता. तुम्ही टीमला मिडफिल्डर आणलात आणि बिल माझ्या नावावर फाडलंत."

चाचींनी गॅस बारीक केला. आतून बाहेर मात्र आल्या नाहीत.

"तो मारायचा नाही," एमान म्हणाली. "मारलं असतं तर तुम्हाला सांगायला सोपं गेलं असतं. तो बोलायचाच नाही. सालनात मीठ जास्त पडलं म्हणून अख्खा रमजान बोलला नाही. रोज इफ्तारला समोर बसून खजूर खायचा आणि मी जशी तिथे नाहीच. नोकरी सोडायला लावली. फोन त्याच्या कपाटात. मला घराबाहेर कधी पडता यायचं? शुक्रवारी. मॅचला. दर शुक्रवारी मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसत होते, अब्बा. तुम्ही त्याच्याकडे बघत होता."

"मला कोणी सांगितलंच नाही तर मला कसं…" चाचांचा आवाज चढला. चढलेला आवाज हे त्यांचं एकमेव हत्यार होतं, आणि ते मैदानावर चांगलं चालत आलं होतं. "तोंड होतं ना तुला? सांगायचं!"

"सांगितलं."

"कधी?"

"हाफ टाइमला. दाभटशी मॅच होती, एक-एक झाला होता. मी म्हटलं, अब्बा, मला तुमच्याबरोबर घरी घेऊन चला, मला परत त्या घरात जायचं नाही. तुम्ही म्हणालात, सेकंड हाफ होऊ दे." "सेकंड हाफमध्ये त्याने गोल मारला. तुम्ही आत धावत जाऊन त्याला मिठी मारलीत. मग माझ्याकडे येऊन म्हणालात, बघ, कसला हिरा दिलाय तुला. आणि मला त्याच्या गाडीत बसवून दिलंत."

तो गोल चाचांना लख्ख आठवत होता. उजव्या पायाने, पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून, कीपरच्या डोक्यावरून. किती जणांना त्यांनी तो वर्णन करून सांगितला होता. त्याच्या आधीचं काही त्यांना आठवत नव्हतं. ते आठवू लागले, आणि आठवत नाही याची त्यांना लाज वाटू लागली. ते चाचींकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मीही सांगत होते," चाची ओट्यापाशी उभ्या राहूनच म्हणाल्या. "तुम्ही म्हणायचात, सीझन चालू आहे."



शुक्रवारी सुट्टी असूनही चाचा सकाळीच घराबाहेर पडले. समुद्रावर गेले, परत आले, गाडी पार्क करताना मागच्या गाडीवाल्याशी विनाकारण भांडले. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं आणि ते त्यांना स्वतःलाही कळत होतं. यहयाचा राग येत होता. कमरूचा येत होता. मुलीने आजवर इंग्रजीत उत्तरं दिली त्याचाही येत होता. फिरून फिरून राग एकाच दाराशी येऊन थांबे, आणि तिथे हनीफ नावाचा माणूस खुर्ची टाकून बसलेला असे.

असरनंतर ते टर्फवर पोचले तेव्हा सगळे जमले होते. कमिटी होती, अठरा पोरं जर्सी घालून होती, बाकीच्या गावांचे दोन प्रतिनिधीही खुर्च्यांवर बसले होते. यहया बूट घालून तयार होता. तो पुढे आला, त्याने चाचांचा हात दोन्ही हातांत धरला. "शुक्रिया, मामू. तुमच्यामुळे झालं."

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. "यहया, आठ महिन्यांत तू मला किती फोन केलेस?"

"खूप, मामू."

"एकदा तरी विचारलंस, एमान कशी आहे?"

यहया हसला. आजूबाजूला बघून जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मामू, ते जाऊ द्या ना आता. सीझन होऊ दे, मग बसून बोलू."

चाचांनी आपला हात सोडवून घेतला.

कमरुद्दीन उभा राहिला. यल्ला, चला, सूर्य बुडून मगरिबची अजान व्हायच्या आत उरकून घेऊ, म्हणाला. मुलीच्या वडिलांना काय म्हणायचंय ते सगळ्यांनी ऐकावं. मग सगळे चाचांकडे बघू लागले.

"माझी हरकत आहे," हनीफचाचा म्हणाले.

कमरुद्दीनला वाटलं जीभ घसरली. "हरकत नाही म्हणायचंय ना तुला?"

"आहे म्हणतोय. नीट ऐक. हा माणूस माझ्या मुलीशी महिनोन्महिने एक शब्द बोलत नव्हता. घरात कोंडून ठेवल्यासारखी ठेवली होती तिला. ती मला सांगत होती, आणि मी मॅच बघत होतो. हा खेळला तर मी टीमच्या विरुद्ध ओरडेन. आणि माझं ओरडणं तुम्हाला माहीत आहे."

कोणी हसलं नाही. यहयाचा चेहरा लालबुंद झाला. "मामू, तुमची मुलगी पण काही…"

"तिचं नाव घेऊ नकोस!" त्या आवाजाने पलीकडच्या टर्फवर चाललेला खेळ थांबला. चाचा पुढे झाले. झुबेर मधे आला नसता तर साठीला आलेल्या माणसाने त्या दिवशी हात उचलला असता. "तिची आठ वर्षं घेतलीस ना, पुरे झालं!"

"हनीफ, हनीफ," कमरुद्दीन त्यांना खांद्याला धरून बाजूला नेत म्हणाला, "घरची गोष्ट मैदानात नको आणू रे."

"मैदानातली गोष्ट घरात मीच नेली होती, कमरू. आणि तू दावतीत तिच्या नवऱ्याला प्रॅक्टिसचा दिवस सांगत होतास."

कमरुद्दीनने त्यांचा खांदा सोडला. यहयाने बूट तिथेच काढले, हातात घेतले आणि अनवाणी गाडीकडे गेला. यादी होती तशीच राहिली. बावीस वर्षांचा तो पोरगा गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत उभा होता. चाचा जाताना त्याच्यापाशी थांबले. काहीतरी चांगलं बोलावं असं त्यांना वाटलं, पण सवय नव्हती, म्हणून नुसतंच त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघाले.

गाडी चालवताना त्यांना हलकं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण मुलीसाठी उभे राहिलो, चार लोकांत, गावासमोर, असं ते स्वतःला सांगत होते. आता ती काय म्हणेल, हेही त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

एमानने दार उघडलं. तिच्या हातात मोबाइल होता. ती बाजूला झाली नाही.

"सगळ्यांसमोर सांगितलंत," ती म्हणाली.

"सांगितलं! सगळं सांगितलं, बेटा. त्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. तो कसा वागला, तू कशी राहिलीस, सगळं."

"आणि मला विचारलंत?"

चाचा उंबऱ्यावर उभे राहिले.

"माझी गोष्ट होती, अब्बा. ऑफिसातल्या त्या मुलीचा मेसेज आलाय, सो सॉरी डिअर, मला माहीतच नव्हतं. आता सगळ्या गावांना माहीत आहे मला कसं ठेवलं होतं. लग्न लावताना विचारलं नाहीत, आज गावभर सांगतानाही विचारलं नाहीत. त्याच्या बाजूने भांडलात तरी तुम्हीच, माझ्या बाजूने भांडलात तरी तुम्हीच! मी कुठे आहे यात?"

त्यांच्या तोंडावर उत्तर आलं होतं. अगं, तुझ्यासाठीच केलं, एवढंच ते होतं, आणि तेच त्यांनी तिला आयुष्यभर ऐकवलं होतं. त्यांनी ते गिळलं. ओरडायला समोर ना रेफ्री होता ना कमिटी.

"नाही विचारलं," ते म्हणाले. मग, "आता काय करू?"

एमानने त्यांच्याकडे पाहिलं. राग गेला नव्हता, आणि तो इतक्यात जाणारही नव्हता. तिने दारातून बाजूला होऊन सोफ्याकडे बोट दाखवलं.

"बसा. मी पहिल्यापासून सांगते. मधे एक शब्द बोलायचा नाही."

चाचा बसले.